जर्मनच्या डब्यातली सुकट

मित्रांनो, माझ्याकडे बघून तोंड वाकडं करू नका. अंगावर पोचे आहेत, झाकण एका बाजूनं सैल आहे, बुडाशी काळा डाग आहे आणि कितीही घासलं तरी माझा वास जात नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. मी एक जुना जर्मनचा डबा आहे. जर्मन म्हणजे तो देश नव्हे. आपल्याकडे अल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका, मी डबा आहे, मास्तर नाही. जर्मनीशी माझा काडीचा संबंध नाही. पण मी विमानात बसलो आहे, समुद्र ओलांडून गेलो आहे आणि तिथं जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या गोल चकतीतून झाला. यंत्रानं मला एका दणक्यात खोलगट केलं, दुसऱ्या दणक्यात कड वळवली, आणि मी नाशिकच्या भांडी बाजारात येऊन पडलो. दुकानात तांब्यापितळेची भांडी वरच्या फळीवर, स्टीलची मधल्या, आणि आम्ही जर्मनवाले खाली पोत्यावर. तिथं मला सुमनबाईंनी निवडलं. त्या वेळी त्या नव्या नवरी होत्या. त्यांचे यजमान काळू पगारे यांना ओझरच्या विमानाच्या कारखान्यात नुकतीच कायमची नोकरी लागली होती आणि डब्याची गरज होती. सुमनबाईंनी मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, कानाशी धरलं आणि म्हणाल्या, "हा चांगला हाय, ह्याचा आवाज भरीव हाय." दुकानदारानं नाव घालायचं यंत्र काढलं आणि काळूचं नाव विचारलं. काळू म्हणाला, "डबा ती भरणार, नाव तिचं घाल." म्हणून माझ्या अंगावर बारीक टिंबाटिंबांनी 'सौ. सुमन' एवढंच लिहिलेलं आहे. दुकानदाराला ते विचित्र वाटलं. मला फार बरं वाटलं.

माझ्यात काय असायचं ते आता सांगतो. वर दोन भाकरी, आणि खाली सुकटीची चटणी. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. सुमनबाई ती निवडायच्या, पाण्यातून काढायच्या, तव्यावर कोरडी भाजायच्या. सुकट तडतडायला लागली की लसूण, लाल मिरची, मूठभर शेंगदाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटायच्या. कुटतानाचा तो ठक ठक आवाज नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत सकाळी घराघरातून यायचा. कुणाच्या घरी आज काय आहे, ते वासावरून गल्लीभर कळायचं आणि कुणी कुणाला विचारत नसे, सरळ वाटी घेऊन येत असे.

कारखान्यात दुपारी भोंगा झाला की माणसं आपापल्या टोळक्यानं जेवायला बसत. पहिली दोन वर्षं काळू एकटाच पलीकडच्या झाडाखाली बसे. त्याला तिथून कुणी उठवलं होतं असं नाही. पण तो जवळ येऊन बसला की बाकीच्यांचं जेवण लवकर आटोपत असे. हे सभ्य लोकांचं हत्यार आहे, मित्रांनो. त्यात आवाज होत नाही आणि जखमही दिसत नाही. काळू माझं झाकण पूर्ण उघडत नसे. अर्धं सरकवायचा, हात आत घालायचा आणि घाईघाईनं घास काढायचा. मी आतून ते बघत असे.

मग एक दिवस चांदवडचा बहिरू त्याच्याच खात्यात बदलून आला. शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला फटकळ. आल्या आल्या खिशातून कांदा काढला, दगडावर बुक्कीनं फोडला आणि काळूच्या शेजारी मांडी ठोकली. "काय रे, असलं आणतो आणि एकटा गिळतो? तुला काही लाज?" असं म्हणून त्यानं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि भाकरीचा तुकडा माझ्यात बुडवला. त्या दिवसापासून सुमनबाई माझ्यात चार भाकरी घालू लागल्या. पुढं पुढं तर अख्खं खातं काळूच्या झाडाखाली येऊन बसू लागलं. 'पगारेचा डबा' असं माझं नाव पडलं. तीस वर्षं मी ओझरला जाऊन आलो. कारखान्यात विमानं बनत होती आणि कौतुक माझं होत होतं.

काळू निवृत्त झाला आणि दोन वर्षांत गेला. त्याबद्दल मला जास्त सांगता येणार नाही.

त्यांचा मुलगा संघर्ष तोवर चांगल्या नोकरीला लागला होता. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मनालीनं, इंदिरानगरात फ्लॅट घेतला आणि आईला बरोबर नेलं. दोघंही जिवाला जीव देणारी मुलं, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. नव्या घरी ओटा काळा गुळगुळीत, खिडकीला जाळी, लिफ्टमध्ये आरसा. पहिल्याच रविवारी सुमनबाईंनी सुकट भाजली.

तव्यावर सुकट तडतडते न तडतडते तोच बेल वाजली. दारात सोसायटीचे सचिव. गोड बोलणारा माणूस. त्यांनी वासाची तक्रार लगेच केली नाही. आधी हसले, स्वागत केलं, आणि मग विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" संघर्षनं सांगितलं. "बरं, बरं," ते म्हणाले, आणि मग वासाबद्दल बोलले. वासाला आडनाव असतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढं पाहिलं, खालच्या मजल्यावर दर रविवारी मटण शिजायचं आणि जिन्यात लोक म्हणायचे, काय झकास वास सुटलाय. मटणाचा वास झकास, आणि सुकटीचा वास म्हणजे घाण. हे नाकानं ठरवलेलं नाही, मित्रांनो. नाक बिचारं एवढं शिकलेलं नसतं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: सर्व सभासदांनी उग्र वासाचे पदार्थ टाळून सहकार्य करावे. नाव कुणाचंच नव्हतं, म्हणजे आमचंच होतं. संघर्षनं तो उभ्या उभ्या वाचला, स्वतः जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि आईला म्हणाला, "काही दिवस नको करूस आई. आत्ताच आलोय आपण."

ते 'काही दिवस' चौदा महिने चालले.

मला घासून पुसून गॅलरीत ठेवलं आणि माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरले. माझं काही नाही, डब्याला काय, काहीही भरा. पण सुमनबाई जेवेनात. पोळीचा चतकोर तुकडा मोडायचा, वरणात फिरवायचा आणि ताट सरकवायचं. मनालीनं पनीर केलं, थालीपीठ केलं, मोबाइलवर बघून बघून नाही नाही ते केलं. सासूबाई प्रत्येक वेळी "छान झालंय बाळा" म्हणायच्या आणि पाणी प्यायच्या. ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरनं रक्त तपासलं, पोट तपासलं, काही सापडलं नाही. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? त्या म्हणाल्या, तोंडाला चव नाय. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. सुकट लिहून देणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा आहे.

काय हवंय ते त्यांनी तोंडानं कधीच सांगितलं नाही. पण दुपारी घरात कुणी नसलं की त्या गॅलरीत येत, चिमटे बाजूला करत आणि मला नाकाशी धरत. त्यांना आपल्या घरात, उघड्या खिडकीशी, आपल्या हातची चटणी खायची होती. एवढंच. माझ्या मते ती भूक नव्हती, तो हक्क होता, आणि तो हक्क मागायला त्यांना आपल्याच मुलाची भीड पडत होती.

अशात आमच्या जुन्या वसाहतीतल्या विहाराच्या बायकांची थायलंडची धम्मयात्रा ठरली. संघर्षनं आईचं नाव घातलं, हवापालट होईल म्हणून, आणि सोबत मनालीला पाठवलं. सूचनापत्रात लिहिलं होतं की प्रत्येकानं ताट, पेला आणि एक डबा आणावा. मनालीनं नवा प्लास्टिकचा डबा आणला, चार बाजूंनी खटके असलेला. निघायच्या दिवशी सुमनबाईंनी तो कपाटात ठेवला, चिमटे गॅलरीच्या कठड्यावर ओतले आणि मला पिशवीत घातलं.

मुंबईच्या विमानतळावर पिशवी यंत्रातून गेली आणि वर्दीतल्या माणसानं मला बाहेर काढलं. "माताजी, ये क्या है?" सुमनबाई म्हणाल्या, "कुछ नाय साहेब, जर्मन का डबा हाय." त्यानं कौतुकानं मला वळवून पाहिलं. "जर्मनी से मंगाया?" "नाय नाय. भांडी बाजार से." मनालीनं कपाळावर हात मारून घेतला. तो माणूस मात्र बराच वेळ माझ्या बुडाशी जर्मनीचा शिक्का शोधत होता.

यात्रा चालवणारा माणूस योगेश. चुणचुणीत, धावपळ करणारा, कुणाला औषध हवं तर स्वतः पळत जाणारा. त्याच्याबरोबर केरू नावाचा आचारी आणि चार मोठी पातेली. बसमध्ये माइक हातात घेऊन योगेश म्हणाला, "काही चिंता करू नका मंडळी. जगात कुठंही न्या, आपल्याकडे जेवण मात्र घरचं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या दिवशी घरचं जेवण म्हणून पुरी आणि श्रीखंड. दुसऱ्या दिवशी मसालेभात आणि जिलबी. तिसऱ्या दिवशी बटाट्याची सुकी भाजी, गोड वरण आणि परत श्रीखंड. चाळीस बायका मुकाट्यानं जेवत होत्या. योगेश काशीला हेच देतो, चारधामला हेच देतो, इथंही हेच दिलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. घर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर एकच घर यायचं, आणि ते या चाळीस जणींपैकी कुणाचंच नव्हतं. त्यानं कधी विचारलं नाही आणि आमच्यातलं कुणी बोललं नाही. सुमनबाईंनी तीन दिवसांत मिळून पाच पुऱ्या खाल्ल्या असतील. मनाली मोजत होती.

चौथा मुक्काम समुद्राजवळच्या एका छोट्या गावात, तिथल्या विहाराच्या अतिथिगृहात होता. पहाटे भंतेजी भिक्षाटनाला निघतात ते बघायला सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. भंतेजी अनवाणी, एका रांगेत, शांत चालत आले. गावातली माणसं गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भाताच्या आणि कालवणाच्या पिशव्या घालत होती, रबर लावून फुगवलेल्या. बघून सुमनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग योगेशनं फोटो काढायला अर्धा तास दिला आणि म्हणाला, अर्ध्या तासात सगळे बसमध्ये.

बायका फोटो काढत होत्या. मी सुमनबाईंच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. अचानक त्या थांबल्या. त्यांनी मान वर केली आणि दीर्घ श्वास घेतला. मग त्या एका गल्लीत वळल्या, मग दुसऱ्या, आणि त्यांची चाल वाढत गेली. मला वास आला तेव्हा आम्ही बाजाराच्या तोंडाशी होतो.

मित्रांनो, सुकटीचे ढीग. गुलाबी, केशरी, पांढरट, गुडघ्याएवढे ढीग, टोपल्यांत, सुपांत, भर रस्त्यावर, सकाळच्या उन्हात. शेजारी दोरीवर वाळलेली मासळी. शाळेच्या गणवेशातल्या मुली, नोकरीला निघालेली माणसं, म्हाताऱ्याकोताऱ्या, सगळी त्या ढिगांमधून चालत होती, आणि एकाचाही हात नाकाकडे गेला नव्हता. सुमनबाई एका ढिगासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मूठ भरून सुकट हातात घेतली. नुसती धरली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. ठक, ठक, ठक. एक गोल चेहऱ्याची, साठीची बाई बुटक्या स्टुलावर बसून दगडी उखळीत काहीतरी कुटत होती. समोर भाजलेल्या लाल मिरच्या, लसूण, सुकट. सुमनबाई तिच्या समोर उकिडव्या बसल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यात दोन भंतेजी त्या वाटेनं आले. बाईनं हातातलं काम ठेवलं, गुडघे टेकले, भाताची एक पिशवी आणि त्या कुटलेल्या चटणीची एक छोटी पिशवी त्यांच्या पात्रात ठेवली. भंतेजींनी उभ्या उभ्या आशीर्वाद म्हटला आणि पुढं गेले. सुमनबाई हात जोडून बघत राहिल्या.

बाई पुन्हा कुटायला बसली. चार ठोके दिले आणि तिनं आपल्या बरणीतून चमचाभर गूळ काढला.

"अगं अगं, गोड नको घालू," सुमनबाई बोलून गेल्या, आणि त्यांनी तिच्या हातातली मुसळी काढूनच घेतली.

परक्या देशात, परक्या बाईच्या दुकानात. मला वाटलं आता मार खावा लागणार. बाई कंबरेवर हात ठेवून हसायला लागली आणि स्टूल सुमनबाईंकडे सरकवलं. शेजारच्या दुकानातल्या बायका जमल्या. सुमनबाईंनी खुणेनं कढई मागितली, सुकट तडतडेपर्यंत भाजली, शेंगदाणे दाखवले, ते मिळाले, मीठ मिळालं. आणि त्या कुटायला लागल्या. चौदा महिन्यांनी. त्या काटकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला ते मला माहीत नाही. बाईनं चाखून पाहिलं, तिला ठसका लागला, डोळे पुसत तिनं दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि आपल्या बाजूचा चिकट भाताचा गोळा केळीच्या पानावर ठेवून दिला. भाकरी नव्हती. सुमनबाईंनी भाताचा घास केला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. त्या बोलत नव्हत्या, बघत नव्हत्या, फक्त जेवत होत्या.

इकडे बसमध्ये एक माणूस कमी भरला होता. मनाली गल्ल्यागल्ल्यांतून धावत सुटली होती. ती आम्हाला सापडली तेव्हा तिचा श्वास लागला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. सासूबाईंना बघून ती ओरडणारच होती, पण तिची नजर त्या पानावर गेली. भाताचा गोळा संपत आला होता.

"आई, बस थांबलीय," ती एवढंच म्हणाली.

"थांबू दे. मीठ कमी हाय," सुमनबाई म्हणाल्या, आणि एक घास तिच्याकडे केला.

मनालीनं तो घेतला. चावला. गिळला. आणि तिथंच उखळीशेजारी खाली बसली.

"मी खाते, आई," ती खाली बघत म्हणाली. "महिन्यातून एकदा. ऑफिस सुटल्यावर आत्याकडे जाते आणि खाते. मग तोंडात वेलदोडा टाकून घरी येते. तुम्हाला सांगितलं नाही."

सुमनबाईंचा हात थांबला. मला वाटलं त्या चिडतील. चिडायचा त्यांना अधिकार होता. एका छताखाली दोन बायका एकाच चवीला मुकल्या होत्या आणि एकमेकींपासून लपवत होत्या. एक उपाशी राहून, एक वेलदोडा खाऊन.

"आणि मला नाय नेलं ते?" त्या म्हणाल्या. "भवाने."

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता मनाली रडली, आणि त्या थाई बाईनं काहीही न कळता तिला पाणी दिलं. उरलेली सगळी चटणी सुमनबाईंनी माझ्यात भरली, काठोकाठ, दाबून. मी तुम्हाला खरं सांगतो, चिमट्यांचे ते सगळे महिने मी त्या क्षणी विसरलो. बाई पैसे घेईना. मनालीनं आपल्या गळ्यातला पातळ स्कार्फ काढून तिच्या खांद्यावर घातला.

दुपारी अतिथिगृहाच्या जेवणाच्या खोलीत सगळ्या ओळीनं बसल्या. श्रीखंड वाढून झालं. सुमनबाईंनी मला पिशवीतून काढलं, ताटाशेजारी ठेवलं आणि झाकण उघडलं. पूर्ण.

वास पसरायला वेळ लागत नाही. योगेश वाढता वाढता आला, त्यानं माझ्यात डोकावलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, हे इथं नको. पवित्र जागा आहे. आणि इथं आपलं घरचं जेवण चाललंय ना?"

"कुणाच्या घरचं रे, बाळा?"

आवाज चढवला नव्हता. खरोखर विचारलं होतं. योगेशनं श्रीखंडाचं पातेलं या हातातून त्या हातात घेतलं. बिचाऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

त्याच्याऐवजी बोलल्या त्या आमच्यातल्याच एक निवृत्त शिक्षिका. "सुमनताई, आपण धम्मयात्रेला आलोय. लोक काय म्हणतील?" मला याचा जास्त राग आला. शेजाऱ्यानं नाक मुरडलं तर समजू शकतं. पण आपलीच माणसं आपल्याच ताटाकडे शेजाऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागली, की मग सचिवाला बेल वाजवायचीही गरज उरत नाही.

सुमनबाई म्हणाल्या, "बाई, सकाळी भंतेजींच्या पात्रात हेच पडलं. मी समोर होते. त्यांनी नाव विचारलं नाय का आडनाव विचारलं नाय. आशीर्वाद दिला आन गेले. त्यांना चाललं, तर तुम्हाला काय अडचण हाय?"

कोपऱ्यातून आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नवसाबाईंनी आपलं ताट पुढं सरकवलं. "इकडं कर तो डबा. चार दिस झाले, गोड खाऊन खाऊन तोंडाचं डबकं झालंय माझ्या."

हशा उसळला आणि मी हातोहात फिरायला लागलो. या ताटावरून त्या ताटावर. कुणी चिमूट घेतली, कुणी चमचा, कुणी म्हणालं माझी आई यात कोथिंबीर घालायची, कुणी म्हणालं आमच्याकडे शेंगदाणे नाय घालत, आणि त्यावरून दोघींचं भांडणही झालं. त्या शिक्षिकाबाईंनी शेवटी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, बोटाच्या टोकावर थोडी घेतली. माझं लक्ष होतं. पण मी ते इथं सांगायला नको होतं, राहू द्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून केरू आचारी हात पुसत आला. तो योगेशला म्हणाला, "मालक, माझ्याकडं ज्वारीचं पीठ हाय. माझ्यापुरतं आणलेलं. मला काय ते श्रीखंड जात नाय. भाकरी टाकू का?"

घरचं जेवण रांधणारा माणूस रोज आत बसून चोरून भाकरी खात होता. योगेशनं श्रीखंडाचं पातेलं बाजूला ठेवलं आणि स्वतःसाठी एक ताट घेतलं.

आता शेवटचं सांगतो. कारण परदेशात डोकं वर काढणं सोपं असतं, मित्रांनो. तिथं तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं. खरी गोष्ट इंदिरानगरात होती.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मनालीनं बाजारातून सुकट आणली. संघर्षनं पिशवी बघितली. सुमनबाईंनी तवा ठेवला. मनालीनं पुढं होऊन खिडकी उघडली. सुकट तडतडली. मी ओट्यावर होतो, आणि मी सांगतो, त्या तिघांपैकी एकाचंही लक्ष तव्याकडे नव्हतं. सगळ्यांचे कान दाराकडे होते.

चटणी झाली, ती माझ्यात भरली, भाकरी झाली, ताटं वाढली आणि मला मधोमध ठेवलं. सुमनबाईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. आणि बेल वाजली.

त्यांचा हात ताटातच थांबला. मग नकळत तो माझ्या झाकणाकडे गेला. संघर्षनं ते झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या मांडीखाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. मनाली उठली आणि तिनं दार उघडलं, सताड. सचिव नेहमीसारखं हसले आणि म्हणाले, वासाबद्दल जरा बोलायचं होतं.

"आई जेवतायत," मनाली म्हणाली. "त्यांचं होऊ द्या, मग बोलू."

"हो, पण काय आहे, की—"

"चौदा महिन्यांनी जेवतायत काका. त्यांचं होऊ द्या."

दारातून ताट दिसत होतं, आणि ताटावर वाकलेली ती वाळलेली म्हातारी दिसत होती. सचिव जिना उतरून गेले. त्यांचं मन पालटलं असं मी सांगणार नाही, मला खोटं बोलता येत नाही. संध्याकाळी ग्रुपवर परत तोच निरोप आला, शब्दाला शब्द तोच. फक्त या वेळी संघर्षनं त्याखाली लिहिलं, "पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहोत. यायचं असेल तर भाकऱ्या जास्त टाकू." कुणी आलं नाही. तिसऱ्या रविवारी वरच्या मजल्यावरची एक बाई वाटी घेऊन आली, इकडंतिकडं बघत. सुमनबाईंनी तिला बसवून वाढलं.

त्यांच्या बांगड्या आता मनगटाशी थांबतात. मी पुन्हा स्वयंपाकघरात, फळीवर आहे. माझं बूड झिजत चाललंय आणि एक दिवस त्याला भोक पडेल. मला भंगारात द्याल, द्या. मी त्याबद्दल काही मागणार नाही.

मागणं एकच आहे. उद्या शाळेत मधली सुट्टी होईल. तुमच्या शेजारचं एखादं पोर डबा काढेल, इकडंतिकडं बघेल आणि झाकण अर्धंच उघडेल. हात आत घालून घाईघाईनं घास काढेल. तेव्हा नाक धरू नका आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊ नका. त्याला विचारा, काय आणलंस? आणि एक घास मागा. कारण असं चोरून जेवताना पोटात काय जातं आणि घशात काय अडकतं ते बाहेरून कुणाला दिसत नाही. मी ते आतून बघितलं आहे.